कार्डाच्या मापाचा खिसा

"जरा वाट द्या हो, हातात उकळता चहा आहे." – चहावाली, ऑफिसचा जिना.

"आधी पाण्याला वाट करून द्या, मग फरशी पुसत बसा." – प्लंबर, आमचंच न्हाणीघर.

"त्यांच्या वाटेला जाऊ नका, आज घरून भांडून आलेत." – बसची कंडक्टर, ड्रायव्हरविषयी.

"वाट वाकडी करून आलोय, निदान बसा तरी म्हणा." – विमा एजंट, आमच्या दारात. (बसा म्हटलं नाही.)

"झिपची पार वाट लागलीय, बदलावीच लागेल." – ताई, गिऱ्हाइकाशी.

"या चिंध्यांची काहीतरी वाट लाव, पायात येतायत." – ताई, माझ्याशी.

"पूर्वीपासूनची वहिवाट आहे ती, तिथं भिंत कशी घालता?" – भांडणारे शेजारी, दोघांपैकी जाडे.

"मी इथंच बाकावर बसून तुझी वाट बघते." – ताई, डोळ्यांच्या दवाखान्याचं दार.

ही कार्डं वाचून कुणालाही वाटेल, ती लिहिणारा माणूस चांगलाच माणसांत मिसळणारा असणार. तसं काही नव्हतं. तो माणसांत मिसळत नसे, माणसांच्या आसपास असे. शब्दकोशात काम करणाऱ्याला तेवढं पुरतं.

गल्लीत त्याला कोशवाला म्हणत. नवीन माणसाला वाटे की हा रेशमाच्या धंद्यात आहे, आणि तोही तो गैरसमज लगेच दूर करत नसे, कारण रेशीम म्हटल्यावर लोक जरा आदरानं बघतात. घरी मात्र तो बारक्या. डोक्यावरचे होते तेवढे केस पांढरे झाले, ऑफिसात लोक त्याला अहो-जाहो करू लागले, तरी ताईच्या लेखी तो बारक्याच. आईवडील गेले तेव्हा हा हाफपँटमध्ये होता. पुढच्या खोलीत खिडकीखाली ठेवलेल्या शिलाई मशीनवर ताईनं त्याला वाढवला, शिकवला, पदवीधर केला. एवढ्या टाक्यांमधून एखादा माणूस तयार होईल अशी तिची अपेक्षा असणार. झाला कोशवाला.

ऑफिसचा एक नियम होता आणि तो संपादकबाईंनी घातलेला होता. उदाहरणाचं वाक्य बनवायचं नाही. ते जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायचं आणि ऐकल्याबरोबर, जागच्या जागी, कार्डावर उतरवायचं. कोण बोललं, कुठं बोललं, तेही लिहायचं. घरी जाऊन आठवून लिहिलेलं वाक्य बाई परत करत. त्यांचं म्हणणं असं, की आठवण म्हणजे इस्त्री. ती वाक्याच्या चुण्या मोडते, आणि भाषा असते ती चुण्यांतच.

म्हणून ताईनं त्याच्या प्रत्येक शर्टाला खास खिसा शिवला होता. तयार शर्ट आणला की ती त्याचा मूळचा खिसा उसवायची आणि कार्डाच्या मापाचा रुंद, खोल खिसा लावायची. त्याला एका बाजूला पेन्सिलीपुरती वेगळी शिवण. धोब्याला वाटे, या घरात कुणीतरी पोस्टात आहे. कोशवाला छातीवर तो खिसा मिरवत बसमध्ये उभा राही, रांगेत उभा राही, ओळखीच्यांच्या घरी दुःखाच्या प्रसंगी भेटायला जाई आणि तिथून उत्तम क्रियापदं घेऊन परत येई. आपण सांत्वनाला आलो होतो हे त्याला कधीकधी बसमध्ये बसल्यावर आठवे.

तर 'वाट'.

'व' हे अक्षर त्याच्याकडे होतं. 'वाघ' झाला, 'वाचा' झाली, आणि 'वाट' येऊन अडकली. पुढे 'वाटाणा' कधीपासून रांगेत उभा होता. एवढासा शब्द, दोन अक्षरांचा, पोरंसोरंसुद्धा रोज वापरतात; पण त्याला जो अर्थ लावावा त्याच्या शेजारून दुसरा निघे. वाट म्हणजे रस्ता, हे ठीक. पण वाट लागते तेव्हा रस्ता सापडत नाही, उलट असलेलं बुडतं. चिंध्यांची वाट लावतात तेव्हा त्या मार्गी लागतात. एखाद्याच्या वाटेला जायचं म्हणजे त्याच्या रस्त्यानं चालायचं नाही, त्याची खोडी काढायची. आणि वाट बघायची ती तर जागचं न हलता.

व्युत्पत्तीचं काम शेजारच्या टेबलाचं होतं. तिथं बसणाऱ्याला बारा महिने सर्दी असे, म्हणून सगळे त्याला सर्दीवाला म्हणत. तो प्रत्येक शब्दाच्या मुळाशी जाई आणि तिथून शिंकत परत येई. 'वाट'चं मूळ त्यानं कधीच काढून ठेवलं होतं: संस्कृतात वर्त्मन्, प्राकृतात वट्ट, आपल्याकडे वाट. त्याच्याही मागे 'वृत्' हा धातू, म्हणजे फिरणं, वळणं, चालू असणं. चाक फिरलं, त्याची खूण जमिनीवर उमटली, ती वाट. त्याच धातूचं वर्तन. त्याचंच वर्तुळ, आणि वर्तुळाच्या जुन्या रूपावरून वाटोळा, वाटोळं.

"म्हणजे वाट, वर्तन आणि वाटोळं ही सख्खी भावंडं," सर्दीवाला रुमाल घडी करत म्हणाला होता. "वाटा मात्र दुसऱ्या घरचा. त्याला आत घेऊ नकोस."

कोशवाल्यानं हे ऐकून मान डोलावली आणि त्या भावंडांची कौटुंबिक माहिती नीट लिहून घेतली. वर्तनाविषयी अधिक विचार करण्याचं कारण तेव्हा पडलं नाही.

*

ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते. सुईत दोरा ओवायला ती गिऱ्हाइकांना सांगू लागली, काळ्या कापडावर काळी शिवण हातानं चाचपून घालू लागली. डॉक्टर म्हणाले, आधी एक डोळा करू, काही आठवड्यांनी दुसरा. सकाळी यायचं, दुपारी घरी.

सकाळी कोशवालाच तिला घेऊन गेला. दवाखान्याचं मोठं काचेचं दार, बाहेर पायऱ्या, वरच्या पायरीशेजारी सिमेंटचा बाक. त्याला ऑफिस गाठायचं होतं आणि ताईला ते माहीत होतं, म्हणून तिनंच सोपं करून दिलं. म्हणाली, आत मी एकटी जाते, आतल्या मावशी आहेत. तू फक्त दुपारी ये. डोळ्यावर पट्टी असेल, दुसऱ्यानं मला काही धड दिसत नाही, या पायऱ्या मला उतरता यायच्या नाहीत. मग आत जाता जाता वळून म्हणाली:

"मी इथंच बाकावर बसून तुझी वाट बघते."

ते वाक्य ऐकून कोशवाल्याच्या अंगावर काटा आला. प्रेमानं आला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. 'वाट बघणे'ची त्याच्याकडे पुष्कळ कार्डं होती, पण सगळी वैतागाची: किती वाट बघायची, वाट बघून कंटाळलो, वाट बघून बघून जेवून घेतलं. जिच्यात तक्रार नाही, घाई नाही, येणारा येणारच हे धरून चाललेलं आहे, अशी वाट त्याला मिळत नव्हती. बाईंनी ते कार्ड मागून मागून त्याचा पिच्छा पुरवला होता. आणि आता दवाखान्याच्या दारात, फुकट, अस्सल, एकही चुणी न मोडलेली.

त्यानं तिथंच भिंतीला कार्ड टेकवून लिहिलं. बोलणारी: ताई. स्थळ: डोळ्यांच्या दवाखान्याचं दार. काचेतून ताई आत जाताना पाठमोरी दिसत होती. त्यानं हात हलवला, पेन्सिलीसकट.

ऑफिसला जाताना त्याला हलकं हलकं वाटत होतं. एक काम झालं, असं वाटत होतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण सगळा घोळ त्या हलकेपणात होता. या धंद्यातल्या माणसाचा हात असाच वळलेला असतो: वाक्य ऐकलं, लिहिलं, डब्यात टाकलं, निकालात निघालं. दुसऱ्या कुणी ते वाक्य ऐकलं असतं तर दुपारी दवाखान्यात गेलं असतं. कोशवाल्यानं ते 'वाट'च्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

दुपार तर फारच सुंदर गेली. बाईंना कार्ड दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून वाचलं आणि विचारलं, यातली वाट कुणाची? 'तुझी वाट बघते' म्हणतो आपण, 'माझी' नाही. बघणारी बाकावर, मग वाट दुसऱ्याची कशी? सर्दीवाला खुर्ची ओढून आला. तो म्हणाला, रस्ता तो रस्ता, त्यात तुझामाझा काय. कोशवाला म्हणाला, असं कसं, ज्या रस्त्यानं तो माणूस यायचा आहे त्या रस्त्याकडे ती बघते आहे. तो आला तरच त्या रस्त्याला अर्थ, म्हणून रस्ता त्याचा. चहा आला. वाद रंगला. कोशवाल्यानं कागद घेतला आणि एका दमात व्याख्या लिहून काढली, आणि खाली टीप दिली: 'येथे वाट थांबणाऱ्याची नसून येणाऱ्याची असते.'

बाईंनी चष्मा काढून मान हलवली. त्यांच्या हिशेबी हा पुष्पवर्षावच. इतकी वर्षं नोकरी करून कोशवाल्याला एवढं यश मिळालं नव्हतं. येणारा तिथं बसून येणाऱ्याविषयी टीप लिहीत होता आणि खिडकीतून ऊन टेबलाच्या या कडेवरून त्या कडेवर गेलं, हे त्यानं पाहिलंसुद्धा. छान दिसत होतं.

*

संध्याकाळी तो शीळ घालत जिना चढला. दार उघडंच होतं. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. आणि स्वयंपाकघरात, त्यांच्या गॅसपाशी, खालचा किल्लीवाला चहा गाळत होता.

किल्लीवाल्याचं दुकान इमारतीच्या तळाशी, जिन्याखालच्या कोनाड्यात. त्यानंच सगळं सांगितलं. दवाखान्यातल्या मावशींनी शेवटी टॅक्सी करून दिली. टॅक्सीवाल्यानं ताईंना दारात उतरवलं. त्या कठडा चाचपत पहिल्या पायरीशी उभ्या होत्या, ते यानं पाहिलं आणि हातातलं कुलूप टाकून यानं त्यांना वर आणलं. सांगताना तो कोशवाल्याकडे बघत नव्हता, गाळणीकडे बघत होता, आणि तेच फार लागलं.

ताई म्हणाली, "आलास? तुझी वाट बघून बघून माझी मीच आले रे."

आणि कोशवाल्याचा हात खिशाकडे गेला.

तो का गेला, कसा गेला, हे पुढे त्यानं स्वतःला पुष्कळदा विचारलं. जीव घशात आला होता, तोंडाला कोरड पडली होती, पायाखालची जमीन सरकली होती. असल्या वेळी जे जे होतं म्हणून कोशात लिहिलेलं आहे ते सगळं होत होतं. पण हात मात्र आपल्या नोकरीवर हजर होता. 'बघून बघून' आणि लगेच 'माझी मीच', शेवटी तो 'रे'. ही जोडणी त्याच्याकडे नव्हती.

ताईनं ते पाहिलं. पट्टी नसलेल्या, गढूळ डोळ्यानं पाहिलं.

"लिही," ती म्हणाली. "थांबते मी."

किल्लीवाल्यानं तिघांसाठी ओतलेला चहा दोनच कपांत सारखा केला.

*

त्या दिवसापासून ताईचं बोलणं आटलं. भांडली असती तर बरं झालं असतं; भांडणात ताईची भाषा मोठी बहारदार असे. ती भांडली नाही. अबोलाही धरला नाही, कारण अबोला धरला तर 'अबोला' या नोंदीला माल मिळाला असता. तिनं फक्त वाक्यं बंद केली. 'चहा.' 'दार.' 'झालं.' 'हं.' कर्ता नाही, कर्म नाही. गिऱ्हाइकांशी ती पूर्वीसारखीच बोले, पण तो खोलीत आला की गिऱ्हाइकालाही एका शब्दात बसवी आणि उठवी.

कोशवाल्यानं माफी मागायचं ठरवलं. ऑफिसात बसून तिचे मसुदे केले. पहिला फार लांब झाला. दुसऱ्यात 'दिलगीर' हा शब्द आला आणि तो फारसीतून आला आहे हे आठवून त्याचा अर्धा तास त्यात गेला. तिसरा मसुदा पाठ करून तो घरी आला आणि मशीनसमोर उभा राहून त्यानं तो म्हणून दाखवला. ताईनं मशीनचं पायडल थांबवलं नाही. शेवटी धागा तोडून म्हणाली, "हं."

मग तो तिला सुईत दोरा ओवून देऊ लागला. त्याला ते जमेना. ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी निघाली आणि ताई स्वतःच झटक्यात दोरा ओवू लागली, तेव्हा तोही उपयोग संपला. एकदा काही सुचेना म्हणून त्यानं तिला 'वाट'ची व्युत्पत्तीही सांगितली. वर्त्मन्, वट्ट, चाकाची खूण. ती ऐकत होती असं वाटलं म्हणून तो वर्तनापर्यंत आला, आणि तिथं स्वतःच थांबला. वाटोळ्यापर्यंत जायची गरज राहिली नाही.

ऑफिसात बाईंच्याही ध्यानात आलं. घरगुती बोलीची कार्डं येईनाशी झाली होती, आणि तो विभाग जवळजवळ ताईच्या जिवावर चाले.

"तुमच्या ताई बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारलं. "आवाज येत नाही त्यांचा."

"ऑपरेशन झालंय, बाई."

"डोळ्याचं ना?"

तो डब्यातली कार्डं सरळ करू लागला. त्या दिवसापासून बाई 'वाट'चं नाव काढीनाशा झाल्या.

दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली. ती त्याला गॅलरीत उभ्या असलेल्या किल्लीवाल्याकडून कळली. ताईनं त्यालाच विचारलं होतं, तुम्ही याल का म्हणून. कोशवाला ताईसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, या वेळी मी येतो. ताई बाहीला अस्तर लावत होती. तिनं टाचणी तोंडातून काढली.

"किल्लीवाले आहेत," ती म्हणाली.

पुष्कळ दिवसांनी ऐकलेलं पूर्ण वाक्य. त्याचा हात खिशाकडे गेला नाही, कारण त्यानं तो पाठीमागे धरून ठेवला होता.

तो खाली गेला. किल्लीवाला किल्लीचे दाते घासत होता. कोशवाल्यानं त्याला गळ घातली: तुम्ही काहीतरी काम काढा, नाही जमत म्हणा. त्यानं किल्ली फुंकली, उजेडात धरली, पुन्हा घासली.

"अहो पंडित, मी कुणाच्या वाटेला जाणारा माणूस नाही," तो म्हणाला. "मी नाही म्हटलं तर ताई एकट्या जातील. तुमच्याबरोबर नाही जायच्या. आणि का जावं? तुम्ही काय, लिहून घ्याल."

"नाही लिहिणार."

"असं तुम्ही म्हणता. हाताला विचारलंत का?"

कोशवाला वर आला. घरात ताई नव्हती, शिवलेलं पोचवायला गेली होती. तो मशीनपाशी गेला, कात्री घेतली आणि अंगातला शर्ट काढून त्याचा खिसा उसवायला बसला. त्याला वाटलं होतं, शिवायला कसब लागतं, उसवायला काय. ताईची शिवण होती ती. पाठीमागून दुहेरी, कोपऱ्यात तिकोनी, पेन्सिलीच्या जागी पुन्हा वेगळी. कार्डं काढताना खिसा फाटू नये म्हणून तिनं ती अशी घातली होती की माणूस फाटेल, खिसा नाही. त्यानं टोक घुसवलं, ओढलं, एक कोपरा सुटला, शर्टाला भोक पडलं. दुसरा कोपरा सुटला, आणखी एक भोक. ताई परत आली तेव्हा तिचा पांढऱ्या केसांचा भाऊ बनियनवर बसलेला होता, मांडीवर शर्ट, शर्टाला अर्धा लोंबणारा खिसा, बोटाला रक्त, आणि जमिनीवर सगळीकडे कोरी कार्डं.

ती दारातच उभी राहिली. एका स्वच्छ आणि एका गढूळ डोळ्यानं तिनं हे सगळं पाहून घेतलं.

"उसवायचीसुद्धा अक्कल नाही रे तुला," ती म्हणाली. "कात्रीनं उसवतात का कुणी? आण इकडे. चांगल्या शर्टाच्या चिंध्या केल्यास, आणि रक्त कशाला सांडतोस त्याच्यावर, डाग जाईल का तो बापजन्मी?"

तिनं शर्ट हिसकावला, खिडकीशी गेली, आणि उसवायच्या बारीक आकड्यानं उरलेले टाके टपटप सोडवले. खिसा सुटून आला. त्याच्याखालचं कापड मूळच्या निळ्या रंगाचं होतं. बाकीचा शर्ट उन्हानं आणि धुण्यानं कधीच राखाडी झाला होता; छातीवर तेवढा कार्डाएवढा चौकोन नवाकोरा. ताईनं त्यावरून बोट फिरवलं.

"दुसरेही आण," ती म्हणाली. "सगळे आण. एकाचा काढून काय होतंय."

*

दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी ताईनं किल्लीवाल्याला येऊ नका म्हणून कळवलं, आणि कोशवाला ऑफिसला गेला नाही. ताई आत गेल्यावर तो बाकावर बसला. त्याच्या छातीवर निळा चौकोन होता आणि दोन भोकांना ताईनं रफू केलं होतं. येणारेजाणारे चौकोनाकडे बघत. कुणीतरी त्याला तिकीट तपासनीस समजून रस्ता विचारला. त्यानं सांगितला.

त्याच्यासमोरून वाक्यंच्या वाक्यं जात होती. एका म्हाताऱ्यानं आपल्या सुनेला जे सांगितलं ते तीन वेगवेगळ्या नोंदींत चाललं असतं. कोशवाला हात मांड्यांखाली घेऊन बसला, परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखा. सकाळी बाकावर सावली होती. दुपारी तिथं ऊन आलं आणि सिमेंट तापलं. तो उठला नाही, पण उठावंसं मात्र वाटलं, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात त्या दिवशीचं ऑफिसच्या टेबलावरचं ऊन आलं. ते छान दिसणारं. त्यानं मान खाली घातली.

ताई मावशींचा हात धरून बाहेर आली. त्यानं तिचा कोपर धरला, तिची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि टॅक्सी बघू लागला. ताई म्हणाली, चालत जाऊ. मला बघायचंय.

आणि ती बोलू लागली. नव्या डोळ्यानं ती कित्येक दिवस सगळं लख्ख बघत होती आणि बोलत मात्र नव्हती, ते सगळं साठलेलं बाहेर पडलं. घरातले दिवे किती कळकट होते, आणि तिला वाटत होतं संध्याकाळच लवकर होते. किल्लीवाला मिशा रंगवतो. जाड्याला न जुमानता त्या दुसऱ्या शेजाऱ्यानं भिंत घातलीच शेवटी. तू किती म्हातारा दिसतोस रे बारक्या, मी आपली धरून चालले होते की तू तसाच आहेस. आणि डोळे गेलेल्या दिवसांत तिनं शिवलेले कपडे, ते तिनं आता पाहिले. शिवणी वाकड्यातिकड्या, एका बाहीचा चोळामोळा, आणि लोक ते मुकाट्यानं घालून हिंडत होते, कुणी एका शब्दानं बोललं नाही. यावर तिनं कपाळावर हात मारला. मग हसली. मग पुन्हा सुरू.

इमारतीच्या जिन्यापाशी, पहिल्या पायरीवर पाय ठेवता ठेवता, ती एक वाक्य बोलली. त्यात 'वाट' होती. आणि ती वाट रस्त्याची नव्हती, नाशाची नव्हती, बघायची नव्हती, कुठल्याच डब्यातली नव्हती. त्याच्या नोंदीत ज्या अर्थाची जागा आहे असं त्याला आतून वाटायचं आणि ज्याला एकही कार्ड मिळालं नव्हतं, तो अर्थ ताईनं धापा टाकत, सहज टाकून दिला.

त्याच्या हातात तिचा कोपर होता. दुसऱ्या हातात पिशवी. छातीवर सपाट कापड. त्यानं वाक्य मनात घट्ट धरलं, एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं.

"पायरी," ताई म्हणाली.

त्यानं पायरीकडे बघितलं. मग पुढच्या पायरीकडे. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यातले शब्द एकेक करून खाली राहिले होते. खुर्चीत बसवून त्यानं तिला पाणी दिलं आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, ताई, मघाशी जिन्यात तू काय म्हणालीस?

"काय म्हणाले? मला काय ठाऊक," ताई म्हणाली. "चहा टाक."

दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना ते वाक्य आठवेल तसं म्हणून दाखवलं. काय करणार, कितीही झालं तरी कोशवालाच. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, छान आहे, पण इस्त्री झालीय. तो म्हणाला, हो, झालीय. तो अर्थ नोंदीतून काढला. 'वाट' त्या अर्थावाचूनच छापायला गेली आणि 'वाटाणा' पुढे सरकला. 'येथे वाट थांबणाऱ्याची नसून येणाऱ्याची असते' ही टीप बाईंनी ठेवली होती. ती त्यानं स्वतः खोडली. सर्दीवाल्यानं कारण विचारलं तेव्हा म्हणाला, पुरावा एकाच कार्डाचा आहे, आणि ते कार्ड लिहिणारा भरवशाचा नाही.

पुढे ताईनं त्याच्या शर्टांना पुन्हा खिसे लावले, पण लहान. त्यात रुमाल मावतो. घडी नीट केली तर.

पहिल्या ऑपरेशनच्या दिवशी मावशींनी बोलावलेली पहिली टॅक्सी ताईनं 'येईल तो' म्हणून रिकामी परत पाठवली होती.